महिनाभर वापरलं, असं पाचव्या दिवशी सांगायचं का?

एका मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. आधी तिचा प्रश्न थोडक्यात सांगते. साताऱ्याजवळ राहते, वय चोवीस, बी.एस्सी. झालेली, दिवसा एका मेडिकलमध्ये काउंटरवर नोकरी. दीड वर्षापासून मराठीत त्वचेच्या काळजीवर रील करते, सहा हजार फॉलोअर्स झालेत. आता एका कंपनीने डागांवरचं सीरम पाठवलंय. एका रीलचे ८,००० रुपये मिळणार आहेत. रील पाच दिवसांत हवी आणि तिच्यात ‘मी महिनाभर वापरलं आणि डाग गेले’ हे वाक्य हवं. ती विचारते: सगळे असंच करतात का? प्रामाणिक राहून यात पोट भरतं का? आणि नोकरी सोडून पूर्ण वेळ यात उतरू का?

तू मला ताई म्हणून लिहिलंस, म्हणून एकेरीतच बोलते. मी कॉस्मेटिक केमिस्ट. अकरा वर्षं भिवंडी भागातल्या एका कारखान्यात होते. तिथे दुसऱ्यांच्या नावाने क्रीम, लोशन, सीरम बनायची. धंद्यात याला थर्ड पार्टी म्हणतात. गेली आठ वर्षं मी मराठीतून याच विषयावर व्हिडिओ करते. मी डॉक्टर नाही, आणि हे पुढे कामाला येईल म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

त्या वाक्याचं उत्तर सोपं आहे: म्हणू नकोस. ते खोटं आहे, आणि कायद्यानेही अडचणीत आणणारं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ ला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल नियम काढले. जानेवारी २०२३ मध्ये खास इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शन आलं. त्याचा गाभा असा, की जी वस्तू स्वतः वापरली नाही किंवा जिची नीट चौकशी केली नाही तिची शिफारस करू नये. आणि पैसे, फुकट वस्तू, सवलत, नातं असं काहीही असेल तर ते ठळकपणे, त्याच भाषेत सांगावं. रील मराठीत असेल तर सरळ ‘जाहिरात’ असा शब्द स्क्रीनवर दिसू दे, हॅशटॅगच्या गर्दीत खाली लपवू नकोस. दिशाभूल केल्याचं ठरलं तर दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्याला एक वर्षापर्यंत, पुन्हा घडलं तर तीन वर्षांपर्यंत जाहिराती करायला बंदीही होऊ शकते.

सगळे असंच करतात का? सगळे नाही, पण बरेच. कारखान्यात असताना एका नव्या क्रीमची पहिली बॅच आमच्या गेटमधून बाहेर पडलेली मी पाहिली होती, आणि नऊ दिवसांनी एका मुलीच्या व्हिडिओत ‘गेले दोन महिने मी हेच वापरतेय’ असं ऐकलं होतं. ती मुलगी वाईट होती असं मला तेव्हाही वाटलं नाही. तिला स्क्रिप्ट आली होती, तारीख आली होती आणि घरभाडं द्यायचं होतं. म्हणूनच मी तुला ‘मन साफ ठेव’ एवढंच सांगणार नाही. पैसे समोर आल्यावर माणूस स्वतःला बरंच काही पटवून देतो. पैसे येण्याआधीच काही गोष्टी ठरवून, लिहून ठेवाव्या लागतात.

आता खरा प्रश्न बघू. तुला वाटतंय अडचण या एका वाक्याची आहे. मला वाटतं अडचण ‘डाग गेले’ या साच्याची आहे, म्हणजे आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि मध्ये एक ट्यूब. तू मेडिकलमध्ये उभी असतेस, त्यामुळे हे तुला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

रिकामी ट्यूब किंवा चुरगळलेला खोका घेऊन ‘हीच द्या’ म्हणणाऱ्या बायका तुझ्या काउंटरवर रोज येत असतील. त्या खोक्यावर बारीक अक्षरांत बऱ्याचदा बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन यातलं एखादं स्टेरॉइड असतं. काहींत मोमेटासोनबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन, अशी तिहेरी क्रीम असते. ही औषधं आहेत. डॉक्टर वांगावर ती ठरावीक काळासाठी, लक्ष ठेवून देतात. २०१८ मध्ये सरकारने त्वचेवर लावायच्या चौदा स्टेरॉइडना असलेली सूट काढून ती शेड्यूल एचमध्ये पक्की बसवली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी कोणाच्या तरी जावेने सांगितलं, पार्लरवालीने सांगितलं, म्हणून ती लावली जातात. दोन आठवड्यांत चेहरा असा काही उजळतो की आजूबाजूच्या चार जणी नाव विचारतात. मग काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, लाल होते, उन्हात भाजल्यासारखी आग होते, मुरमं येतात, गालावर लव वाढते. क्रीम थांबवली की सगळं उफाळून येतं, म्हणून थांबवताही येत नाही. आपल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ असं रीतसर नाव दिलंय, इतके रुग्ण त्यांच्याकडे येतात.

पाऱ्याच्या क्रीमचंही तसंच. पारा त्वचेतला रंग तयार होण्याची प्रक्रिया अडवतो, त्यामुळे परिणाम झटपट दिसतो. तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडावर घाव घालतो. अकोल्यातल्या एका घरातल्या आई आणि दोन मुलींची मूत्रपिंडं अशाच, स्थानिक पार्लरमधून आणलेल्या क्रीमने बिघडली. मुंबईत केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. केरळच्या मलप्पुरम भागातल्या डॉक्टरांनीही गोरेपणाच्या क्रीम वापरणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा एक विशिष्ट आजार नोंदवला. अशा डब्यांवर पाऱ्याचं नाव सहसा नसतंच. बऱ्याचदा उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर यातलंही काही नसतं, आणि बाहेरून आलेला माल असेल तर आयातीचा नोंदणी क्रमांक नसतो. हे मात्र कोणालाही तपासता येतं.

आता या दोन गोष्टी तुझ्या रीलशेजारी ठेवून बघ. दोन आठवड्यांच्या ‘आधी-नंतर’मध्ये सगळ्यात देखणा फोटो स्टेरॉइडचा येईल, नाहीतर पाऱ्याचा. सभ्य, सुरक्षित, नीट बनवलेलं सीरम तिथे हरणारच. म्हणजे लोकांना ‘किती दिवसांत फरक पडला’ हेच बघायची सवय आपण लावली, तर आपण खोटं न बोलताही त्यांना त्या काउंटरकडे ढकलतो. म्हणून आठ वर्षांत मी डाग किंवा रंग या विषयावर एकदाही ‘आधी-नंतर’ केलेलं नाही. व्ह्यूज कमी मिळतात, हे खरं आहे.

मग करायचं काय? आपल्या चेहऱ्यावरून काय कळतं आणि काय कळत नाही, हे वेगळं काढायचं. पोत, वास, पसरतं कसं, डोळ्यांत गेल्यावर झोंबतं का, सावळ्या त्वचेवर पांढरट थर दिसतो का, पावडर लावल्यावर गोळ्या होतात का, मिलीलीटरला किती रुपये पडले, पंप नीट चालतो का, हे तुला आठवड्याभरात ठामपणे सांगता येतं. यात तू कोणत्याही डॉक्टरपेक्षा जास्त उपयोगी आहेस, कारण महाबळेश्वरच्या पायथ्याचा पावसाळा आणि मेडिकलमधली दहा तासांची ड्यूटी यांत ते क्रीम कसं वागतं हे तुलाच माहीत.

सनस्क्रीनचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती बचाव होतो याचा आकडा, मात्र चेहऱ्यावरून कळत नाही. प्रयोगशाळेत तो दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलीग्रॅम एवढा जाड थर लावून मोजतात. घरी आपण त्याच्या निम्मंही लावत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ‘चॉइस’ या ग्राहक संस्थेने २०२५ मध्ये वीस सनस्क्रीन तपासून घेतली, त्यातली सोळा लेबलवरच्या आकड्यापर्यंत पोचली नाहीत. तो देश या बाबतीत किती कडक आहे, तरी ही अवस्था. तेव्हा ‘मी काळी पडले नाही, म्हणजे एसपीएफ खरा’ असं आपण कधीच म्हणायचं नाही. ‘पांढरट दिसत नाही, घामात ओघळत नाही, दोन बोटांवर भरेल एवढं रोज लावलं तर ट्यूब अमुक दिवसांत संपते’ एवढं म्हणायचं.

डागांचं काम मुळात सावकाश चालतं. त्वचेचा वरचा थर बदलायला तरुणपणी साधारण चार आठवडे लागतात, वयाबरोबर जास्त. त्यामुळे सीरममधला घटक नायसिनामाइड असो वा रेटिनॉल, बारा आठवड्यांच्या आत मी मत देत नाही. रविवारी सकाळी, त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून, फोनचा ब्यूटी मोड बंद करून मी स्वतःसाठी फोटो काढते. त्याच वेळी वहीत पाळीची तारीख, प्रवास, जागरण, दुसरं काय लावलं तेही लिहिते. आपली मुरमं कितीदा क्रीममुळे नाही तर पाळी संपल्यामुळे गेली, हे त्या वहीने मला शिकवलं.

लेबल वाचायला शीक, बी.एस्सी. झालीस, तुला अवघड जाणार नाही. घटक जास्तीपासून कमीपर्यंत लिहितात, पण एक टक्क्याखालचे घटक कोणत्याही क्रमाने लिहायची मुभा आहे. आता यादीत फिनॉक्सीइथेनॉल शोध. हे टिकवण्यासाठी घालतात आणि त्याची कमाल मर्यादाच एक टक्का आहे. त्याच्या नंतर जे लिहिलंय ते बहुतेक एक टक्क्याच्या आत. पुढच्या बाजूला केशर आणि कमळ मोठ्या अक्षरांत असतं आणि मागे ते फिनॉक्सीइथेनॉलच्याही खाली, सुगंधाच्या शेजारी सापडतं. नायसिनामाइडबद्दलही ध्यानात ठेव: त्याच्या बऱ्याचशा चांगल्या अभ्यासांत प्रमाण दोन ते पाच टक्के होतं. ‘दहा टक्के’ हा आकडा बाटलीवर छान दिसतो, आणि काहींचा चेहरा त्यानेच लाल होतो. अशी एक रील केलीस तर ती वर्षभर लोकांच्या उपयोगी पडेल, आणि तिच्यात कोणाची जाहिरातही नसेल.

माझी एक चूक सांगते, कारण ती मला अजून लागते. सहा वर्षांपूर्वी मी दहा टक्के ग्लायकोलिक ॲसिडच्या, म्हणजे त्वचेचा वरचा थर सोलणाऱ्या, एका लोशनची शिफारस केली. कंपनीने पैसे दिले होते, तेही मी सांगितलं होतं. मला ते उत्तम मानवलं होतं. म्हणजे नियमाने सगळं नीट. लातूरकडच्या एका मुलीने ते एप्रिलच्या उन्हात, रोज रात्री, सनस्क्रीनशिवाय लावलं. त्वचा सोलली आणि जिथे सोलली तिथे आधीपेक्षा गडद चट्टे उठले. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेला कुठेही दाह झाला की मागे काळा डाग राहतो. हे मला कारखान्यापासून ठाऊक होतं, पण व्हिडिओत मी ते शेवटच्या दहा सेकंदांत घाईने उरकलं होतं. तिचं लग्न जूनमध्ये होतं. मी व्हिडिओ काढून टाकला, तिला पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि त्या रीलचे मिळालेले पैसे तिच्या उपचारांना दिले. तेव्हापासून ‘कोणी वापरू नये’ हे मी व्हिडिओच्या सुरुवातीला सांगते. कंपनीला ते नको असेल तर काम घेत नाही.

आता पैसे. हे खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे. तुझ्या घरी दुसरी कमाई आहे का, कर्ज आहे का, यातलं काही मला माहीत नाही. तरी नोकरी सोडू नकोस हे मी जोर देऊन सांगेन. पहिली दोन वर्षं मला व्हिडिओंतून रुपयाही मिळाला नाही. घर फॉर्म्युलेशनच्या सल्ल्याच्या कामावर चाललं. त्याचा फायदा असा, की नको त्या कंपनीला नाही म्हणताना मला महिन्याच्या किराण्याची काळजी नव्हती. तुझा पगार हेच तुझं ‘नाही’ म्हणायचं बळ आहे. शिवाय लोक खरंच काय विकत घेतात हे रोज डोळ्यांसमोर दिसणं, हे शहरातल्या मोठ्या इन्फ्लुएन्सरला कुठे मिळतं?

माझी सोय मी अशी लावली आहे. ज्या वस्तूचं परीक्षण करते तिचे पैसे घेत नाही, ती विकत घेते आणि बिल दाखवते. ज्या कामाचे पैसे घेते तिथे परीक्षण करत नाही. ‘सनस्क्रीन कसं लावावं’ असं शिकवते, वर ‘जाहिरात’ लिहिलेलं असतं. अफिलिएट लिंक, म्हणजे जिच्यावरून कोणी खरेदी केली की आपल्याला कमिशन मिळतं ती, मी पूर्वी द्यायचे, आता बंद केल्या. लिंकवर कमिशन सुरू झालं की महागड्या बाटलीबद्दल आपोआप दोन वाक्यं जास्त गोड बोलली जातात. हे मी माझेच जुने व्हिडिओ पाहून ओळखलं. तुला लिंक द्यायच्याच असतील तर स्वस्त पर्यायाचीही दे, आणि कमिशन मिळतं हे तोंडाने सांग. वर्षाला माझ्या हाती येतो त्यातला मोठा वाटा आजही शिकवण्याचा आणि लहान उद्योजकांना लेबल-फॉर्म्युला तपासून देण्याचा आहे. यावर पोट भरतं. सावकाश भरतं.

करारावर सही करण्याआधी तीन जागा नीट वाच. ‘कंपनीबद्दल प्रतिकूल बोलणार नाही’ असं कलम असेल तर ते काढायला लाव. पुढे त्याच सीरमने कोणाला त्रास झाला तर तुला गप्प बसावं लागेल. तुझा चेहरा त्यांच्या जाहिरातीत किती महिने वापरणार ते लिहून घे. आणि स्क्रिप्ट मंजूर करण्याचा अधिकार त्यांना असला, तरी अनुभवाचं वाक्य तुझंच राहील असं नमूद कर. बार्टरमध्ये, म्हणजे पैशांऐवजी, आलेल्या वस्तूही उत्पन्नच धरल्या जातात: १ जुलै २०२२ पासूनच्या नियमाने एका कंपनीकडून वर्षात वीस हजारांहून जास्त किमतीचं काही मिळालं तर दहा टक्के टीडीएस कापला जातो. वस्तू परत केली तर तो प्रश्न येत नाही.

शेवटचं, पण माझ्या मते सर्वांत नाजूक. फॉलोअर्स वाढले की लोक तुला डॉक्टर समजायला लागतील. मेडिकलमधला पांढरा ॲप्रन घालून रील कधीही करू नकोस. मला आठवड्यातून कितीतरी वेळा मानेचा फोटो येतो: ‘मान काळी पडली, कोणता स्क्रब लावू?’ तिथे कुठलीही वस्तू खपवता येईल. पण मानेवर, काखेत मखमलीसारखा जाडसर काळेपणा असेल तर तो पुष्कळदा इन्सुलिनच्या बिघाडाचा असतो. घासून तो जात नाही, उलट वाढतो. मी लिहिते, ‘आधी साखर तपासून घे, पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांग.’ तसंच कपाळावर, टिकली लावतो नेमकी त्याच जागी पांढरा डाग. घरचे कोड म्हणून हादरतात, मुलीचं लग्न अडेल म्हणून लपवतात. अनेकदा तो टिकलीच्या मागच्या चिकट पदार्थातल्या एका रसायनाने, पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉलने, पडलेला असतो. टिकली ताबडतोब बंद आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे. या दोन उत्तरांतून मला कधी एक रुपयाही मिळाला नाही, आणि माझ्याकडे टिकून राहिलेल्या बायकांपैकी कितीतरी जणी याच उत्तरांमुळे राहिल्या आहेत.

तुझ्या सीरमचं आज काय करायचं, तर कंपनीला असं लिही: ‘सीरम मिळालं. मी ते उद्यापासून वापरायला घेते. महिनाभर वापरल्याचं मला आत्ता म्हणता येणार नाही, कारण ते खरं नाही. पाच दिवसांत रील हवी असेल तर पोत, घटक, किंमत, लावायची पद्धत आणि कोणी टाळावं यावर देते, वर जाहिरात असं लिहून. डागांचा अनुभव हवा असेल तर बारा आठवड्यांनी सांगेन, जो असेल तो.’ ते नाही म्हणाले तर बाटली न उघडता परत पाठव आणि कुरियरची पावती जपून ठेव. हो म्हणाले तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघ. पाच दिवसांच्या रीलमध्ये सांग की अजून हातावरच लावून बघते आहे, चेहऱ्यावर लावलेलं नाही. मग चेहऱ्यावर लावायच्या सकाळी, लावण्याआधी, खिडकीपाशी उभी राहून पहिला फोटो काढ.